भाचरांना कुठल्या कादंबऱ्या देऊ?

एका मामांचं पत्र आलंय, लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगते. भाचा दहा वर्षांचा, भाची पंधराची. गेल्या वाढदिवसाला भाच्याला ‘श्यामची आई’ दिलं, भाचीला ‘मृत्युंजय’, आणि दोन्ही पुस्तकं अजून कोरीच्या कोरी आहेत. भाचा कॉमिक्स आणि क्रिकेटच्या व्हिडिओंपलीकडे जात नाही, एखादं पुस्तक घेतलंच तर अर्ध्यात टाकतो. भाची इंग्रजीतल्या जाडजूड फँटसी सिरीज फडशा पाडल्यासारख्या वाचते पण मराठी म्हटलं की ‘बोअर असतं रे मामा’. तर मामांची मागणी अशी की दोघांसाठी दहा-दहा कादंबऱ्यांची यादी द्या, पुढे वय लिहून द्या. शिवाय भाचीने परवा ‘शाळा’ ही कादंबरी मागितली, तिच्यात प्रेमप्रकरण आहे असं ऐकलंय, तर द्यावी की नाही? आणि शेवटी, मुलं ऑडिओबुक ऐकतो म्हणाली तर ते वाचन धरायचं का?

मामा (घरात सगळे तेच म्हणत असणार, मीही तेच म्हणते), तुम्ही पुस्तकं दिलीत आणि नंतर ती वाचली का हेही बघितलंत याचं मला फार बरं वाटलं, कारण बरेच जण पुस्तक हातात ठेवतात, फोटो काढतात आणि विषय संपतो. नावं मी देते, पण दहा-दहाची यादी नाही देणार आणि वय लिहून तर अजिबात नाही. वयाचं लेबल लावलं की बारा वर्षांच्या पोराला ‘आठ ते दहा’ लिहिलेलं पुस्तक हातात धरायची लाज वाटते आणि दहाच्या पोरीला ‘बारा प्लस’ वाचायचंय म्हटलं तर मोठी माणसं आडवी येतात, दोन्हीकडून नुकसानच.

तुमच्या पत्रातच खरं तर उत्तर आहे बघा. भाच्याला काय आवडतं, भाचीला काय आवडतं हे तुम्ही बरोबर ओळखलंयत, लिहिलंयतसुद्धा, आणि पुस्तक घेताना मात्र तिकडे बघितलंच नाहीत, तुम्हाला स्वतःला जी दोन पुस्तकं आवडली ती उचललीत. पुस्तकं थोर आहेत, वादच नाही. पण मूल आत्ता ज्यात रमलंय त्याच्या अगदी शेजारचं पुस्तक द्यायचं, ते संपलं की त्या पुस्तकाच्या शेजारचं. यादी अशी एकेक करत होते आणि दर मुलाची वेगळी होते, एकाची दुसऱ्याला चालत नाही, सख्ख्या भावंडांनाही नाही.

आधी ‘श्यामची आई’ का बंद राहिलं ते. साने गुरुजींनी हे नाशिकच्या तुरुंगात असताना लिहिलं, १९३५ साली ते छापून आलं. त्यात आपल्या नेहमीच्या अर्थाने धडे किंवा प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, रात्र पहिली, रात्र दुसरी अशा ४२. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो आणि ते ऐकतात. म्हणजे पुस्तकाची बांधणीच मुळात कुणीतरी सांगायचं आणि कुणीतरी ऐकायचं अशी आहे, आणि आपण ते दहा वर्षांच्या मुलाला देऊन सांगतो की जा, एकटा बसून वाच. त्यात सोवळं आहे, सावकार आहे, घरावरचं कर्ज आहे, यातलं त्याला काय ठाऊक असणार? वर आणखी आपण ते पुस्तक देतानाच ‘बघ, आई काय असते ते कळेल’ असं म्हणतो, आणि पोरांना टोमण्याचा वास लगेच येतो. तुम्ही सुट्टीत त्यांच्यासोबत असता ना, मग रात्री दिवे बंद करायच्या आधी एखादी रात्र मोठ्याने वाचा, आणि पहिल्यापासूनच सुरू करायला पाहिजे असंही नाही. श्याम पोहायला घाबरून लपून बसतो आणि आई त्याला झोडपून विहिरीवर पाठवते, ती रात्र घ्या. पोहायला घाबरणारं नाहीतर सायकलला घाबरणारं पोरगं प्रत्येक घरात असतं, भाचा कान देईल. आवडलं तर दुसरी वाचा, नाही आवडलं तर बंद करून ठेवा, पुस्तक कुठे पळून जात नाही.

आता भाचा स्वतः वाचेल असं काय. मुलं पुस्तक कसं निवडतात हे कधी लांबून बघा, फार गंमत असते. आधी जाडी बघतात, मग पानं अंगठ्याने फर्रकन सोडतात, चित्रं किती आहेत, अक्षर बारीक आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संवाद किती आहेत ते बघतात, म्हणजे पानावर तुटक तुटक ओळी दिसल्या की ते पुस्तक हातात राहतं, नुसता ठोकळ्यासारखा मजकूर दिसला की परत फळीवर. मागचं कव्हर वाचणारं पोर क्वचित. लेखकाचं नाव तर कुणीच बघत नाही. तेव्हा तुमच्या भाच्यासाठी ज्याच्या पहिल्याच पानावर काहीतरी घडतंय आणि कुणीतरी बोलतंय असं पुस्तक पाहिजे.

त्यासाठी माझं पहिलं नाव अजूनही ‘फास्टर फेणे’च. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे, काडीसारखा पोरगा, सायकलवर सुसाट, जिभेने ‘ट्टॉक’ करणारा, जिथे जाईल तिथे याच्यासमोर काहीतरी लफडं उभं राहतं. एकूण २० पुस्तकं आहेत, आणि ती कुठूनही सुरू करता येतात हा मोठा फायदा. त्यातलं एक ‘फास्टर फेणे टोला हाणतो’, निदान नावावरून तरी तुमचा क्रिकेटवाला हात लावेल. तुम्हाला वाटेल की आता हे जुनं झालं, मोबाइल नाही काही नाही, पोरांना कसं आवडेल, तर तसं होत नाही, मुलांना जुनं-नवं यापेक्षा ‘पुढे काय झालं’ याचं पडलेलं असतं. एखादा शब्द अडला तर अडू दे, विचारला तर सांगा, न विचारता समजावून सांगायला जाऊ नका, गोष्टीची लय तुटते आणि परत लागत नाही. सिरीजचा अजून एक फायदा, ज्याच्याकडे मोठ्यांचं लक्ष जात नाही, तो म्हणजे पुस्तक संपलं की आता कुठलं घेऊ हा प्रश्नच उरत नाही. जे मूल अर्ध्यात पुस्तक टाकतं त्याला खरी धास्ती नव्या पुस्तकाच्या पहिल्या दहा पानांची असते, नवीन माणसं, नवीन घर, कोण कुणाचा कोण, सगळं परत लक्षात ठेवा. ओळखीचा हिरो असला की ती दहा पानं फुकटात पार पडतात. कॉमिक्सही त्याला म्हणूनच आवडतात, आणि जाता जाता सांगते, कॉमिक्स काढून घेऊ नका, ते वाचनच आहे.

फेणे जड गेलाच तर आधी ‘बोक्या सातबंडे’. दिलीप प्रभावळकरांचं. इथे कादंबरीचा लांब पल्ला नाही, सुट्या गोष्टी आहेत, एक संपली की सुटका, आणि हसवतात. अर्ध्यात सोडणाऱ्या मुलाला ‘मी एक अख्खं संपवलं’ हा अनुभव आधी मिळायला हवा, तो इथे स्वस्तात मिळतो. आणि भाचा फेणेला चटावला तर पुढचं दार सत्यजित रायांच्या फेलूदाचं, मूळ बंगाली, पण मराठीत चांगले अनुवाद आहेत. डिटेक्टिव्ह फेलूदा, गोष्ट सांगणारा त्याचा चुलतभाऊ तोपशे, आणि सोबत जटायू नावाने रहस्यकथा लिहिणारे लालमोहनबाबू, ज्यांच्या पुस्तकातल्या चुका फेलूदा काढत असतो. फेणेत पळापळ जास्त, फेलूदात डोकं जास्त, म्हणून क्रम असा. काही मुलं उलटा क्रमही लावतात, लावू द्या.

नवीन काही नाही का, असं विचाराल. आहे ना. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्यासाठी वेगळा पुरस्कार देते, मराठीत त्यात कादंबऱ्याही आल्यात. २०१७ ला ल. म. कडूंची ‘खारीच्या वाटा’, २०१९ ला सलीम सरदार मुल्लांची ‘जंगल खजिन्याचा शोध’, २०२२ ला संगीता बर्वेंची ‘पियूची वही’, २०२४ ला भारत सासणेंची ‘समशेर आणि भूतबंगला’. नावावरूनच कळतं की कुठलं पुस्तक कुठल्या मुलासमोर ठेवायचं. भूतबंगला म्हटलं की माझ्या बघण्यातली निम्मी पोरं हात पुढे करतात. फक्त एक लक्षात असू द्या, पुरस्कार मोठी माणसं देतात, तेव्हा पुरस्कार आहे म्हणून मुलाला आवडेलच असं काही नसतं, आणि नाही आवडलं तर मुलात काही खोट आहे असंही नसतं.

आता भाची. हिची केस मला जास्त इंटरेस्टिंग वाटते, आणि खरं सांगू का, इथे मामांचीच थोडी कानउघाडणी करायची आहे. पाचशे-सहाशे पानांच्या सिरीज एकामागून एक संपवणारी मुलगी म्हणजे पट्टीची वाचक. तिला वाचायला लावायची गरजच नाही. इंग्रजी वाचते म्हणून मराठीला पारखी झाली वगैरे दुःख करू नका, ती ते सोडणार नाही आणि सोडूही नये. ती मराठीला बोअर म्हणते त्यात थोडं तथ्य आहे, ते आपण मान्य करू. आपल्याकडे लहान मुलांची पुस्तकं आहेत, मोठ्यांच्या कादंबऱ्या तर ढीगभर, पण बारा ते सोळा या मधल्या वयाची फळी फार विरळ आहे. बोक्या आणि फेणे संपले की मराठी घर मुलाच्या हातात एकदम ‘मृत्युंजय’ नाहीतर ‘श्रीमान योगी’ ठेवतं, आणि मधल्या पायऱ्या कुठे गेल्या हे कुणी विचारत नाही, मग मुलं इंग्रजीकडे वळतात कारण तिकडे त्यांच्या वयाचा माल भरपूर आहे. फँटसी तर आपल्याकडे या वयासाठी जवळजवळ नाहीच म्हटलं तरी चालेल. तर या मधल्या पायऱ्या आपल्याला दोन ठिकाणांहून गोळा कराव्या लागतात, एक म्हणजे अनुवाद, आणि दुसरं म्हणजे मोठ्यांसाठीच लिहिलेल्या पण बारीक, सडसडीत कादंबऱ्या.

अनुवादांत माझं सगळ्यात लाडकं ‘पाडस’. मार्जरी किनन रॉलिंग्जची १९३८ ची अमेरिकन कादंबरी, मराठीत राम पटवर्धनांनी आणली, आणि अशी आणली की वाचताना अनुवाद आहे हे विसरायला होतं. फ्लोरिडाच्या रानात राहणारं बॅक्स्टर कुटुंब, आईबाप आणि एकटा मुलगा ज्योडी. एका प्रसंगाबद्दल सांगते म्हणजे तुम्हाला कळेल मी काय म्हणतेय. बापाला, म्हणजे पेनीला, रानात साप चावतो, विषारी. घर लांब. त्याला समोर हरिणी दिसते, तो तशा अवस्थेत तिला गोळी घालतो, तिचं काळीज काढून जखमेवर लावतो, का तर ते विष ओढून घेईल म्हणून. बाप वाचतो. आणि मग लक्षात येतं की त्या हरिणीचं पिल्लू तिथेच उभं आहे. ज्योडी म्हणतो, ते मी आणणार, आपल्यामुळे ते पोरकं झालंय. बघा, इथे कुणी वाईट नाही, कुणी चुकलेलं नाही, आणि तरी एक पिल्लू पोरकं झालंय. ते पाडस घरी येतं, मोठं होतं, आणि या लोकांचं वर्षाचं पोट ज्या पिकावर आहे ते खायला लागतं. पुढचं सांगत नाही. लांबलचक उपदेशाने जे होत नाही ते या पुस्तकाने होतं, पण मुलं रडतात हं, चांगली हमसून रडतात, तेव्हा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात देऊ नका. भाचीला द्या, आणि भाच्याला दोन-तीन वर्षांनी तीच प्रत.

दुसरा अनुवाद ‘चौघीजणी’, शांता शेळक्यांनी केलेला, ‘लिटल विमेन’चा. चार बहिणी, त्यातली ज्यो ही लिहिणारी, धसमुसळी, कुणाचं न ऐकणारी. तुमच्या भाचीने मूळ इंग्रजी वाचलं असेल तर आणखीच बरं, गोष्ट माहीत असलेलं पुस्तक दुसऱ्या भाषेत वाचायला सोपं जातं. ज्या मुलांना मराठी वाचायचा सराव सुटलाय त्यांच्यासाठी ही युक्ती मी नेहमी सांगते, आधीच वाचलेलं आवडतं इंग्रजी पुस्तक मराठीत द्या. हॅरी पॉटर मराठीत आहे. ती नाक मुरडेल, नावं कशी मराठीत लिहिलीयत म्हणून हसेल, पण वाचेल. त्याच नादात डोळ्यांना परत देवनागरीचा वेग येतो, कारण बऱ्याचदा ‘बोअर आहे’ चा खरा अर्थ ‘माझा वाचायचा स्पीड कमी पडतोय’ एवढाच असतो.

बारीक कादंबऱ्यांमध्ये व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’. माणूस नावाला, सगळी गोष्ट वानरांच्या टोळीची. टोळीचा म्होरक्या, त्याची सत्ता, बाहेरून येणारे नर, हाणामारी, पिल्लांचं काय होतं ते. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं पुस्तक आहे, पण भाचीला हे सांगू नका, तिला सांगा की सिंहासनावरून मारामारी आहे आणि सगळे वानर आहेत. तिच्या फँटसीतली राज्यं, घराणी, दगाबाजी हे सगळं तिला तिथे ओळखीचं वाटेल, आणि हे खरंखुरं जंगल आहे, कल्पनेतलं नाही, हे कळल्यावर आणखी हादरेल. सायन्स फिक्शन चालत असेल तर जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’. उत्खननात एक पेटी सापडते, आपल्या आधीच्या कुठल्यातरी प्रगत संस्कृतीची, आणि तिच्यातल्या माहितीवरून यंत्रमानव तयार करायला घेतात. १९८६ ची कादंबरी आहे, पण यंत्र आपल्यापेक्षा हुशार झालं तर काय हा प्रश्न आजच्या पोरांना समजावून सांगावा लागत नाही. गडकिल्ल्यांचं वेड असेल तर गो. नी. दांडेकरांच्या शिवकालीन कादंबऱ्या आहेत, ‘झुंजार माची’ घ्या, ‘दर्याभवानी’ घ्या. त्यात सगळा फोकस राजावर नाही, साध्या माणसांवर आहे, म्हणून त्या मुलांना जवळच्या वाटतात, भाषा मात्र जुन्या वळणाची, पहिली वीस-पंचवीस पानं धीर धरावा लागतो.

आणि ‘मृत्युंजय’? ते पुस्तक भाचीसाठी चुकीचं नव्हतं, तुम्ही ते दिलंत कसं तिथे घोळ झाला. ‘मराठीतलं अभिजात पुस्तक आहे, वाच’ म्हणून दिलंत ना? आता असं सांगून बघा. जन्मतःच टाकून दिलेला मुलगा, अंगावर कवच, स्वतः कोण आहे हे त्याला माहीत नाही, ज्याच्याशी मैत्री झाली तो नेमका चुकीच्या बाजूला, वर शाप, आणि गोष्ट एकटा कर्ण सांगत नाही, कुंती सांगते, दुर्योधन सांगतो, शोण, वृषाली, शेवटी श्रीकृष्ण. तिच्या सिरीजमध्ये दर चॅप्टरला वेगळं पात्र बोलतं तसंच. शिवाजी सावंतांनी १९६७ मध्ये करून ठेवलंय. भाषा संस्कृताळलेली आहे, भरजरी आहे, ती पहिल्या पानापासून अंगावर येते, म्हणून मी तर म्हणते वृषालीच्या भागापासून सुरू केलं तरी चालेल, महाभारत माहीतच असतं, कुठूनही शिरता येतं. तरी नाही जमलं तर वर्षभर ठेवून द्या.

‘शाळा’बद्दल आता, आणि इथेच ती कानउघाडणी. मामा, जी पोरगी मराठीला बोअर म्हणते ती स्वतःहून एक मराठी कादंबरी नाव घेऊन मागतेय, आणि तुम्ही देऊ की नको म्हणून मला पत्र लिहिताय! लगेच द्या. मिलिंद बोकिलांची ही कादंबरी २००४ ची, काळ आणीबाणीचा, मुकुंद जोशी नववीत आहे आणि त्याला वर्गातली शिरोडकर आवडते. प्रेमप्रकरण म्हणाल तर बघणं, वाट बघणं, क्लासच्या वेळा जुळवणं आणि पोटात गोळा येणं, एवढंच बहुतेक. त्याच्यासोबत मित्रांची टोळी, त्यांची आपापसातली भाषा, शिव्या, पोरींबद्दलची बोलणी, तीही आहेत, लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण पंधरा वर्षांची मुलगी हे सगळं रोज वर्गात ऐकतेय, पुस्तकात फरक असा की मुलांच्या डोक्यात आत काय चाललेलं असतं ते तिला पहिल्यांदा दिसेल, बाहेरून जे टगे वाटतात ते आतून किती घाबरलेले असतात ते. तुम्हाला धाकधूक असेल तर आधी तुम्ही वाचा, पण वाचून झाल्यावर तिची मुलाखत घेऊ नका. मुख्य म्हणजे, काही पानं स्टेपल करून द्यायचा विचार मनात आला असेल (असे लोक आहेत, खरंच आहेत) तर तो सोडून द्या, ती नेमकी तीच पानं आधी वाचेल.

‘शाळा’ आवडली तर तिचं पुढचं पुस्तक ठरलेलंच आहे, प्रकाश नारायण संतांचा लंपन. ‘वनवास’पासून सुरुवात करायची, मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. काटेकोर बोलायचं तर या कादंबऱ्या नाहीत, एकाच मुलाच्या एकापुढे एक कथा आहेत, पण सलग वाचल्या की कादंबरीसारख्याच चढतात. आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, आईबाप लांब, मैत्रीण सुमी, आणि मॅडसारखा विचार करायची त्याची सवय. हे मात्र हळू पुस्तक आहे, त्यात फारसं ‘घडत’ नाही, म्हणून पहिल्यांदा देऊ नये, एक-दोन मराठी पुस्तकं पचल्यावर द्यावं. त्यानंतर ‘बनगरवाडी’, धनगरांच्या वाडीवर एकशिक्षकी शाळा चालवायला आलेला पोरसवदा मास्तर, त्याचं वय तुमच्या भाचीपेक्षा फार जास्त नाही. ‘झिपऱ्या’, अरुण साधूंची, रेल्वे स्टेशनवर बूटपॉलिश करणाऱ्या पोरांची. आणि कॉलेजला गेली की ‘कोसला’, तिथे मग मामांची गरज संपते.

वाचताना काही ठिकाणी मोठ्यांनी जरा जागं राहावं असं मला वाटतं, पण ते प्रेमाबिमाच्या बाबतीत नाही. एखादं मूल आधीच उदास असेल, घरात काही झालेलं असेल, तर फार अंधारं पुस्तक त्याच वेळी नको, आणि भयकथांच्या बाबतीत मूल रात्री झोपतंय की नाही एवढं बघा, नारायण धारप चवथीच्या मुलाला देऊन मग आईबापांनी महिनाभर दिवा चालू ठेवून झोपायचं, हे कशाला.

अर्ध्यात सोडण्याबद्दल तुम्ही फारच टेन्शन घेतलंय. सोडू द्या हो. मोठी माणसं काय कमी पुस्तकं सोडतात? तीस पानं वाचून नाही आवडलं तर बंद, कारण विचारायचं नाही, फक्त कुठे कंटाळा आला ते सहज गप्पांत कळलं तर पुढचं निवडायला उपयोगी पडतं. वर्णनाला कंटाळला असेल तर संवादाचं पुस्तक, फार माणसं होती म्हणून गोंधळला असेल तर एकट्या हिरोचं. ‘यातून काय शिकलास’ हा प्रश्न तर मी कायद्याने बंद करीन. त्याऐवजी ‘तो बनेश त्या भुयारात शिरला तर तू शिरला असतास का’ असलं काहीतरी विचारा, आणि स्वतःही उत्तर द्या. पानामागे बक्षीसही ठेवू नका, बक्षीस बंद झालं की वाचन बंद होतं. नमुना म्हणून फुकटात काही चाखायचं असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक, १९७१ पासूनचं, त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत ठेवलेत, पाचेक अंक चाळून भाचा कुठे थांबतो ते बघा, तिथून पुस्तकाचा अंदाज येतो.

ऑडिओबुक. धरायचं की, का नाही धरायचं. ज्याचा मराठी वाचायचा वेग कमी आहे त्याला गोष्ट आधी कानाने मिळाली तर उलट सोपं जातं, आणि लंपनसारखी बोलीची पुस्तकं तर ऐकायला छानच लागतात. फक्त त्या पुस्तकाची छापील प्रत घरात समोरच कुठेतरी पडलेली असू द्या, कारण ऐकताना गोष्ट तिच्याच गतीने पुढे जाते, आणि फेणे एकदा का अडचणीत सापडला की भाच्याला तेवढा धीर निघणार नाही, तो पुस्तक उचलून पुढची पानं बघणारच.